मागचं डावं चाक

आर्नाजच्या वळणावर रात्री एक वाजता
रांग असते ती फक्त सॉसेजच्या टपरीपुढे.
बाकी सगळे मातीच्या बांधावर,
ब्लँकेटं पांघरून, तोंडं एकाच दिशेला,
जणू त्या काळ्या झाडांमधून
कुणीतरी नाव घेऊन हाक मारणार आहे.

सोलांज मावशीनं घरून आणलीय
स्वयंपाकघरातली खुर्ची, लाकडी, जड.
"चोवीस तास चालायचं ते," ती म्हणते,
"त्याच्यापुढे नीट बसावं माणसानं."

आधी उजेड येतो, मग आवाज,
मग ब्रेकच्या तबकड्या
चुलीवर विसरलेल्या तव्यासारख्या लालभडक,
मग गाडी.
मग गाडी नसते.
ल मान्सच्या तिकिटाचे पैसे एवढ्याचेच:
तीन मोजावेत इतका वेळ.
उरलेले तेरा किलोमीटर
आपले आपण मनात पळवायचे.

अठ्ठावन्न नंबर आमचा.
म्हणजे लोइकचा.
म्हणजे त्याचाही नाही.
गाडी कुठल्याशा घड्याळ कंपनीची,
चालक तिघे, तिघेही परके,
त्यातला एक त्याला अजून ल्युक म्हणतो.
आमचा लोइक पिटमध्ये गुडघा टेकून
चाक बदलतो. एकच. मागचं. डावं.

म्हणून मावशी गाडी बघतच नाही.
तिची नजर रस्त्यापासून वीतभर वर,
खांबावरच्या दिव्याच्या त्या पिवळ्या पट्ट्यात.
"लागलंय नीट," ती म्हणते,
दर चार मिनिटांनी, तेवढंच.
शेजारी गिल्दास, दरवर्षी ब्रिटनीहून येणारा,
एका कानानं बहिरा, विचारतो, "पुढे कोण आहे?"
"मला काय ठाऊक?"

दोन वाजून दहा मिनिटांनी
अठ्ठावन्न आली नाही.

आधी वाटतं, आपणच मोजायला चुकलो.
मग वाटतं, पेट्रोल भरत असतील.
मग भोंगा काहीतरी सांगू लागतो
आणि नेमका तेव्हाच चार गाड्यांचा घोळका
ते वाक्य चिरडून जातो.
हाती लागतो एकच शब्द: "डावीकडे".
काय डावीकडे?

मावशीनं देवाला हाक मारली नाही.
शालीचं टोक मुठीत धरून
तिनं फक्त नटांची चौकशी केली.
"किती असतात रे, एका चाकाला?"
"एकच. मधोमध. मोठा असतो."
"एकच?"
हे मी सांगायला नको होतं.

अडीचला तिला उठावंच लागलं.
जग बुडो, गाड्या जळोत,
गावाला सकाळी सहाला पाव लागतो,
आणि आज तर चौपट.
खुर्ची माझ्यावर सोपवून
ती सायकलवर टांग टाकून गेली,
मक्याच्या शेताकडेनं, मागचा लाल दिवा
खड्ड्यागणिक विझत, पेटत.

तिच्या खुर्चीवर मी बसलो नाही.
गवत ओलं झालं. गिल्दास झोपेत
पाय दाबत होता, कुठला क्लच कोण जाणे.
साडेतीन होत आले असतील,
झाडांमधून एकच दिवा आला.
मला मोटारसायकल वाटली.
एका डोळ्याची, नाकाला चिकटपट्ट्या लावलेली,
वळणाची माफी मागत आल्यासारखी हळू,
अठ्ठावन्न.
बांधावरचे सगळे उठून टाळ्या वाजवू लागले.
मी खाली बघत होतो,
रस्त्यापासून वीतभर वर.

सहाला बेकरीत पोचलो तेव्हा
रांग दाराबाहेर आली होती,
डोळे तांबारलेली, कानांत अजून बोळे घातलेली माणसं.
मी आधी खुर्ची आत नेऊन ठेवली.
मावशी, कोपरापर्यंत पिठानं पांढरी, म्हणाली,
"बोल."
"फिरतंय."
"अजून दहा तास आहेत," ती म्हणाली.
माझे दोन लांब पाव कागदात गुंडाळले,
पैसे पूर्ण घेतले,
आणि माझ्यामागच्या कुठल्यातरी परक्या पोराच्या पिशवीत
काही न बोलता
एक गोड पाव जास्तीचा टाकला.